उत्तनपर्यंत नेलेला आवाज

माझी बायको आमच्या गाडीचे आवाज तोंडाने काढायची. हौस म्हणून नव्हे, मिस्त्रींना सांगण्यासाठी. मिस्त्री समुद्रकाठच्या उत्तन गावचे. त्यांचं खरं काम मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचं. पण कार्बोरेटरवाली जुनी गाडी समजणारं दुसरं कोणी आमच्या बाजूला उरलं नव्हतं, म्हणून गाडी त्यांच्या हाती गेली. त्यांची पद्धत अशी की यायच्या आधी ते फोनवर विचारायचे, आवाज कसा येतो? तो वर्णन करून सांगितलेला त्यांना चालायचा नाही. काढून दाखवावा लागायचा.

मी तीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होतो. शब्दांशी माझा संबंध बरा आहे असा माझा समज होता. पहिल्यांदा फोन मी केला आणि सांगितलं की, जुन्या कपाटाचं दार कोणी चोरून उघडावं आणि मध्येच थांबावं, तसा काहीसा आवाज येतो. मग मिस्त्री म्हणाले, "मास्तर, फोन बाईला दे."

मिस्त्री सगळ्यांना अरे-तुरे करतात. पालिकेच्या साहेबालाही करतात, देवालाही करतात. त्यात अनादर नसतो.

बायकोने फोन घेतला, फाटकाजवळ उभी राहिली, गाल फुगवले आणि आवाज काढला. मिस्त्री म्हणाले, पंख्याचा पट्टा. तो पंख्याचा पट्टाच होता. त्यानंतर ही जबाबदारी कायमची तिच्याकडे गेली. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती, मोजून-मापून काम करायची सवय. थंड इंजिनाचा आवाज वेगळा काढायची, गरम झाल्यावरचा वेगळा. चढावरचा काढताना थोडी पुढे वाकायची. मी तीन पावलं लांब उभा राहून म्हणायचो, हळू, लोक बघतायत.

गाडी तिच्या वडिलांची. लहान, गोल पाठीची, मूळच्या पांढऱ्या रंगाची. गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत, त्या काळातली. नवघरच्या आमच्या सोसायटीत ती जिन्याखालच्या कोपऱ्यात उभी असायची आणि आजूबाजूच्या नव्या गाड्यांमध्ये, मोठ्यांच्या पंगतीत चुकून बसलेल्या पाहुण्यासारखी दिसायची. चालवायची बायको. मी डावीकडे बसायचो, आणि डावीकडे बसणं हे त्या गाडीत बसणं नसून काम होतं. चोकची मूठ ओढली की आपोआप आत जायची, म्हणून ती कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरून ठेवणं माझ्याकडे. उजव्या वळणावर माझं दार उघडायचं. ते दोन्ही हातांनी ओढून धरणंही माझ्याकडे. चिमटा आणि वळण एकाच वेळी आलं की मी चिमटा दातांत धरायचो. हॉर्न फक्त स्टिअरिंग डावीकडे वळलेलं असताना वाजायचा. समोरच्याला सावध करायचं तर आधी गाडी डावीकडे घालावी लागे, त्यामुळे हॉर्न वाजेपर्यंत त्याची गरज उरलेली नसायची.

आणि किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन लगेच थांबत नसे. आणखी तीन-चार वेळा फटफटत राही, शेवटचा शब्द आपलाच असावा असं वाटणाऱ्या माणसासारखं. त्याचं होईपर्यंत बायको दार उघडत नसे. तिच्या मते ते बरं दिसत नव्हतं.

वैशाखात ती गेली. चार दिवसांच्या तापाने. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

दहाव्या दिवशी खाडीजवळच्या घाटावर आम्ही पाच-सहा माणसं होतो. मी, मीरा रोडला राहणारा माझा धाकटा मेहुणा, सोसायटीतले दोघे-तिघे आणि जरा बाजूला हात बांधून उभे असलेले मिस्त्री. केळीच्या पानावर पिंड ठेवला, शेजारी भात, तिला आवडणारी कोथिंबीर वडी. कावळा भिंतीवर होता. तो एकदाही पानाकडे बघेना.

असं झालं की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं समजतात, आणि कोणीतरी पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. मेहुण्याने हात जोडले आणि भावोजींकडे मी लक्ष देईन म्हणाला. कावळा खाडीकडे बघत होता. मग त्यांच्या गोळ्या वेळेवर देईन, मग त्यांना एकटं जेवू देणार नाही, मग ताईची झाडं जगवीन. मेहुणा एकेक वाढवत गेला. माझ्या उरलेल्या आयुष्याची सगळी व्यवस्था माझ्यासमोर लागत होती आणि कावळ्याला त्यात रस नव्हता. तास होत आला. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून शिववण्याची सोय आहे, असं हलक्या आवाजात सांगितलं. आमच्या मागे दुसरी मंडळी पान घेऊन थांबली होती.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण मी तोपर्यंत काहीच बोललो नव्हतो, आणि ते मला एकदम फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "गाडी रोज सकाळी चालू करीन."

कावळा आला. पिंडाला चोच लावली आणि वडी घेऊन गेला.

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. भावोजी, अहो पण तुम्हाला गाडी येत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. निघताना मिस्त्री जवळ येऊन एवढंच म्हणाले की, मास्तर, बोललास ते मोठं बोललास.

तेव्हापासून मी रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खाली जायचो. ती कॉलेजला निघायची ती वेळ. चालवता मला येत नाही, पण चालू करायला काय काय लागतं ते तीस वर्षं शेजारी बसून पाठ झालं होतं. फक्त तिच्या जागेवर बसणं मला जमेना. मी माझ्या नेहमीच्या जागी, डावीकडे बसायचो. चोक ओढून चिमटा लावायचो. मग आडवा होऊन उजव्या हाताने किल्ली फिरवायचो आणि डाव्या हातातल्या छत्रीच्या टोकाने खालचा अॅक्सिलरेटर दाबायचो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पाच मिनिटं ती जागच्या जागी थरथरायची, मी समोरच्या भिंतीकडे बघत बसायचो, वळण नसतानाही दार धरून. मग बंद. इंजिनाचं शेवटचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं आणि वर यायचं. बाहेरून बघणाऱ्याला गाडीत चालक नाही, एक म्हातारा चुकीच्या बाजूला आडवा पडलाय आणि छत्रीने काहीतरी ढोसतोय, एवढंच दिसायचं. पण ज्यांना घाटावरचं माहीत होतं त्यांनी इतरांना सांगितलं, आणि कोणी काही बोललं नाही. पूर्वी इंजिनाच्या आवाजाबद्दल तक्रार करणारे आमचे सेक्रेटरीही त्या पाच मिनिटांत गॅलरीत येऊन उभे राहायचे, आरती चालू असल्यासारखे.

अडीच महिने असं सुरळीत चाललं. जुलै संपत आलेला असताना एका सकाळी इंजिनात नवा आवाज आला.

तो मोठा नव्हता. पण मला लगेच कळलं की हा कालपर्यंत नव्हता. इंजिन चालू ठेवूनच मी उतरलो, बॉनेट उघडलं, मिस्त्रींना फोन लावला आणि फोन इंजिनावर धरला.

"मास्तर, गाडी चालू तं कर," मिस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, चालूच आहे.

"तुझा खोकला आयकू येतो. कावला आयकू येतो. गाडी न्हाय येत."

त्यांनी मग समजावून सांगितलं की, हे नवे फोन असेच. माणसाचा आवाज ठेवतात आणि मागची घरघर नको असलेली समजून गाळून टाकतात. बोटीवरून कोणी फोन केला तरी इंजिन ऐकू येत नाही, म्हणून तर ते आवाज तोंडाने काढायला सांगतात. माणसाच्या तोंडातून आला की फोन फसतो.

मला आजवर वाटत होतं की ही त्यांची लहर आहे.

त्यांनी गाडी ताबडतोब बंद करायला लावली. मग नीट सांगितलं. आवाज इंजिनाच्या वरच्या बाजूने येत असेल तर तो टॅपेटचा, आणि टॅपेटनं कोणी मरत नाही. खालून येत असेल तर बेरिंगचा. बेरिंग असलं आणि मी उद्या पुन्हा नेहमीसारखी पाच मिनिटं गाडी चालू ठेवली, तर इंजिन कायमचं गेलं. या गाडीचं इंजिन आता कुठे मिळत नाही. वरचा की खालचा हे ते ऐकल्याबरोबर सांगतील. पण येऊ शकणार नाहीत, कारण पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चार दिवसांनी उठणार होती आणि धक्क्यावर बोटींची इंजिनं उघडी पडली होती.

"तोंडानं काढ," ते म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. वॉचमन होता. पेपरवाला सायकल लावत होता. शाळेच्या बसची वाट बघणारी दोन मुलं आणि त्यांची आई होती. मी म्हटलं, नंतर काढतो.

"नंतर म्हंजे उद्या सकालच्या आत. तू कावल्याला बोललायस."

म्हणजे माझ्याकडे चोवीस तास होते. त्यात आवाज काढून दाखवता आला नाही, तर उद्या सात-दहाला एक तर दिलेला शब्द मोडायचा, नाहीतर तिच्या वडिलांचं इंजिन फोडायचं.

मी वर येऊन न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि प्रयत्न केला. साठीच्या पुढच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने इंजिन वाजवणं कठीण असतं. लहानपणी करायला हवं होतं. मी लहानपणीही वाचतच असायचो. पहिले काही आवाज गुळण्यांसारखे आले. आरशात पाहिल्यावर तर येईचनात. मग मला वाटलं, गाडीत बसून जमेल. खाली गेलो, डावीकडे बसलो, काचा वर केल्या आणि काढत राहिलो. आता थोडं जवळपास येतंय असं वाटत असतानाच वॉचमनने काचेवर टकटक केलं.

"साहब, गाडी तो बंद है. फिर आवाज कहाँ से आ रहा है?"

मी त्याला काही नाही म्हणून सांगितलं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून, खाली वाकून बघून गेला.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी मऊ भाताची वाटी घेऊन आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, बायकोच्या मैत्रीण. न्हाणीघराच्या खिडकीतून त्यांना सकाळपासून सगळं ऐकू येत होतं. त्यांनी काही विचारलं नाही. भात खा सर, एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे, ज्या नजरेने आपण दवाखान्यात दुसऱ्याच्या पेशंटकडे बघतो, तसं बघून गेल्या. त्यांनी मेहुण्याला फोन केला होता हे मला चार वाजता मेहुणा दारात उभा राहिल्यावर कळलं.

तो समोर बसला. पाणी प्यायला. मग त्याने रिक्षात बसून तयार केलेलं वाक्य म्हटलं.

"भावोजी, मन मोकळं करायचं असेल तर बोला. रडा. पण आवाज नका काढू."

मी त्याला सगळं सांगितलं. बेरिंग, टॅपेट, फोन, उद्याची सकाळ. घाटावर तो शेजारीच उभा होता, त्यामुळे शब्दाचं वजन त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, काढून दाखवा बरं. मी काढला. त्याने मान हलवली. असा नाही, म्हणाला. ताई आधी नाकातून श्वास घ्यायची आणि मग ओठ सैल सोडायची. त्याने काढून दाखवला. चांगला होता. मी तसा केला. तो म्हणाला, आता थोडा जास्त पातळ झाला.

वाटी न्यायला आलेल्या वहिनी दारातच थांबल्या होत्या. मला वाटलं, आता मेहुण्याच्या घरीही फोन जाणार. पण त्या म्हणाल्या, "नाकातून नाही हो. घशातून काढायच्या त्या. मी ओट्याशी उभी राहून रोज ऐकायचे." आणि पदर सावरून त्यांनीही काढला.

साधारण तासभर आम्ही तिघे बैठकीच्या खोलीत गोल बसून इंजिन वाजवत होतो. मेहुणा ओठांच्या बाजूचा होता, वहिनी घशाच्या. मी दोघांचं मिळवून काढायचा प्रयत्न करत होतो. मध्येच वहिनींना हसू आलं, मग मेहुण्याला, आणि मला बऱ्याच दिवसांनी काहीतरी अवघड पण शक्य असलेलं करत असल्यासारखं वाटलं. शेवटी एक आवाज तिघांना पटला. अगदी बरोबर, वहिनी म्हणाल्या, हाच. त्या दोघांनी गाडीचा त्या सकाळचा नवा आवाज ऐकलेलाच नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मिस्त्रींना फोन लावला तर लागेना. धक्क्यावर बऱ्याचदा लागत नाही. मेहुणा म्हणाला, मग घेऊनच जाऊ. बोलायचं नाही, चहा प्यायचा नाही. तोंड दुसऱ्या कशाला लावलं तर आवाज बिघडेल. वहिनींनी जिन्यापर्यंत येऊन तोच सल्ला पुन्हा दिला.

आम्ही रिक्षाने स्टेशनला गेलो, पूल ओलांडून पश्चिमेला उतरलो आणि उत्तनची बस पकडली. मी खिडकीशी बसून आवाज तोंडातल्या तोंडात घोळवत होतो. काठोकाठ भरलेली वाटी सांभाळत न्यावी तसा. तिकीट मेहुण्याने काढलं. समोरच्या बाकावरच्या रिकामी टोपली घेतलेल्या बाईने मला काहीतरी विचारलं, तेव्हा मी फक्त मान हलवली. माझ्या ओठांतून जे बारीक बाहेर येत होतं ते ऐकून ती उठून मागे जाऊन बसली. मुर्धा गेलं. राईच्या पुढे बस गिअर बदलून चढाला लागली आणि तिच्या इंजिनाच्या आवाजात माझा आवाज मिसळून गेला. मी मेहुण्याच्या दंडाला धरलं. तो समजला. माझ्या कानाशी वाकून त्याने आपल्याजवळचा आवाज काढला आणि मला परत दिला. कंडक्टर आमच्याकडे बघत होता.

धक्क्यावर पोचलो तर बोटींवरची ताडपत्री काढलेली, रंगाचा वास, आणि तीन बोटींची इंजिनं एकदम चालू. स्वतःचं बोलणंही ऐकू येईना. मिस्त्री एका बोटीच्या पोटात उतरलेले होते. मेहुण्याने वरून माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. ते काळ्या हातांनीच बाहेर आले, काही न विचारता आम्हाला जाळी ठेवायच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावलं. जाळ्यांमुळे आतला आवाज मऊ झाला.

"काढ."

मी काढला. डोळे मिटून, नाक आणि घसा दोन्ही वापरून, जमेल तसा. मिस्त्रींनी पुन्हा काढायला लावला. मग तिसऱ्यांदा. मी डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते.

"मास्तर, हा गाडीचा न्हाय," ते म्हणाले. "हा बाईचा हाय."

त्यांनी हात पुसून खिशातून फोन काढला, बराच वेळ अंगठ्याने वर वर सरकवत गेले आणि काहीतरी लावलं.

आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग माझी बायको म्हणाली, "मिस्त्री, ऐका हं. थंड असताना असा." आणि तिने तो आवाज काढला. तोच, जो मी नवघरपासून बसमधून जपत आणला होता. मग ती म्हणाली, "आणि गरम झाल्यावर असा."

तिचा आवाज माझ्याकडे कुठेही नाही. तिला फोनवर बोलायला आवडायचं नाही आणि आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये सनईखाली सगळेच मुके आहेत. मिस्त्री फोनवर नसले की ती असे आवाज पाठवून ठेवायची, हे मला माहीत होतं. मी शेजारीच असायचो. पण ते पाठवले की कुठेतरी राहतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मिस्त्रींनी एकही पुसला नव्हता. पुढच्या वेळी ताडून बघायला उपयोगी पडतात, म्हणाले.

त्यांनी तो पुन्हा लावला. थंड आणि गरम यांच्या मध्ये, थोड्या अंतरावरून, एका माणसाचा आवाज येत होता. "हळू, लोक बघतायत."

मिस्त्रींनी कपाळाला आठी घातली.

"हा मागं कोन बोलतो, मना नेमी अडचन होते. हा मानूस गप ऱ्हायला असता तं आवाज साफ आला असता."

मेहुणा जाळ्यांकडे बघायला लागला. मी काही बोललो नाही. तसंही काम होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरलेलंच होतं.

मिस्त्रींनी मग कामाचं सांगितलं. हा आवाज दोन वर्षांपूर्वीचा, इंजिनाखालच्या रबराचा. ते रबर त्यांनी तेव्हाच बदललं, त्यामुळे आज तो येणं शक्य नाही. मी गाडीने काय काढलं ते सांगतच नव्हतो, बाई काय काढायच्या तेच काढत होतो. उद्या सकाळी गाडी चालू करायची, फक्त एक मिनिट. ऐकायचं, बंद करायची, आणि मग फोनवर काढायचा. बेरिंग असलं तरी एक मिनिट ते सोसेल. दुसरं मिनिट सोसेल असं ते म्हणणार नाहीत. उद्या सात-दहाला ते फोन घेऊन धक्क्याच्या वर, जिथे लागतो तिथे येऊन उभे राहतील.

दारातून निघताना मी त्यांना ते आवाज मला पाठवता येतील का, असं विचारलं. ते म्हणाले, पाठवतो, पण गाडी बरी होईपर्यंत ऐकायचे नाहीत. नाहीतर पुन्हा तेच काढशील.

मेहुणा रात्री आमच्याकडेच राहिला. सकाळी तो गाडीत बसला. त्याला गाडी चालवता येते, पण तोही डावीकडेच बसला आणि त्याने छत्री मागून घेतली. मी बॉनेट उघडून इंजिनासमोर उभा राहिलो. फोन हातात, पलीकडे मिस्त्री. वहिनी खिडकीत होत्या. सेक्रेटरी गॅलरीत. वॉचमनने खुर्ची हलवून जवळ आणली होती.

मेहुण्याने किल्ली फिरवली.

पहिली वीस सेकंदं मला तीच ऐकू आली. गाल फुगवून, फाटकाजवळ उभी. मी मनातल्या मनात तिला बाजूला हो म्हणालो आणि तिला तसं म्हणणं मला बरं वाटलं नाही. तेवढ्यात मला शाळेचा वार्षिक अंक आठवला. त्याची मुद्रितं मीच तपासायचो, आणि ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचो. सरळ वाचली की डोळा ओळखीचा शब्द मनानेच पुरा करतो आणि चूक तशीच राहते. उलटं वाचलं की छापलेलं आहे तेवढंच दिसतं. मी इंजिन तसं ऐकायला लागलो. मोठी घरघर सोडून दिली. पंखा सोडून दिला. पट्ट्याचा आवाज, जो तिने सगळ्यात आधी काढला होता, तो सोडून दिला. शेवटी काय उरतं ते बघत राहिलो. उरला तो एक हलका, कोरडा, घाईघाईचा आवाज. तिने तो कधीच काढला नव्हता. तिला तो ऐकायलाच मिळाला नव्हता.

मी हात वर केला. मेहुण्याने किल्ली काढली. इंजिन सवयीप्रमाणे आणखी चार वेळा बोललं आणि थांबलं.

आता सोसायटीत कसलाही आवाज नव्हता. शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं फाटकाजवळून माझ्याकडे बघत होती. मी जिभेचं टोक दातांमागे लावलं, तोंड थोडं उघडं ठेवलं आणि काढला. ना नाकातून, ना घशातून. तो जिभेच्या टोकावरचा आवाज होता, हे मला तेव्हा कळलं.

"परत," मिस्त्री म्हणाले.

मी परत काढला. एक मूल हसलं, त्याच्या आईने त्याला दटावलं.

"मोठ्यानं."

मी मोठ्याने काढला.

"वरचा हाय," मिस्त्री म्हणाले. "टॅपेट. कर चालू रोज."

मेहुण्याने छत्री खिडकीतून बाहेर काढून उगाच हलवली. वहिनी खिडकीतून आत गेल्या, बहुतेक चहा टाकायला. पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसला होता. त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

बोटी पाण्यात गेल्यावर मिस्त्री आले आणि अर्ध्या तासात टॅपेट नीट करून गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी कबूल केल्याप्रमाणे बायकोचे सगळे आवाज मला पाठवले. एकतीस आहेत. पट्टा, कार्बोरेटर, सायलेन्सरचं भोक, ब्रेक, रबर, आणि काही असे की जे मला ओळखता येत नाहीत. बहुतेकांत मागे तो माणूस आहे. मेहुणा म्हणाला की हल्ली मागचं बोलणं काढून टाकता येतं, त्याच्या ओळखीत एक जण करून देतो. मी नको म्हटलं. पण त्या माणसाने एकतीसपैकी निदान एखाद्या वेळी तरी गप्प बसायला हवं होतं, असं मलाही वाटतं.

मागच्या आठवड्यात गाडीने पुन्हा काहीतरी सुरू केलं. डावीकडून, माझ्या दाराच्या पुढच्या बाजूने, आणि फक्त ओल्या दिवशी. मी बॉनेटपाशी उभं राहून फोन लावला. मिस्त्री म्हणाले, काढ. वॉचमन आपली खुर्ची घेऊन निघालाच होता. सेक्रेटरींनी हातातला पेपर खाली केला. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

लोक बघत होते. मी काढला.